टप्प्याचा आवाज

बास्केटबॉलच्या कोर्टाबाहेर उभं राहून, आत अजिबात न बघता, नुसता आवाज ऐकला तरी कोण किती दिवसांपासून खेळतंय ते ओळखता येतं. नवशिक्याचा चेंडू धप्प... धप्प-धप्प... धप्प असा वाजतो. एक टप्पा जोरात, पुढचा मेलेला, मग चेंडूमागे पळणाऱ्या बुटांची करकर. वर्ष-दोन वर्षं खेळलेल्याचा टप्पा सरळ ठेक्यासारखा असतो, मात्रा मोजून घ्याव्यात असा. आणि खरोखर तयार खेळाडूचा टप्पा पुन्हा असमान होतो! फरक इतकाच, की तो लय मुद्दाम मोडतो. समोरचा फसतो, आणि हा आपला समेवर हजर. रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सबाहेर गाडीत बसून मुलांची वाट बघणाऱ्या आईबाबांनी हा प्रयोग जरूर करावा. मोबाईल बघण्यापेक्षा बरा वेळ जातो.

या वेळी सदरात टप्प्याबद्दलच लिहायचं आहे. 'ड्रिबलिंग' म्हणा, टप्पे मारणं म्हणा. वरून बघायला एवढी सोपी गोष्ट दुसरी नाही: चेंडू खाली ढकला, वर आला की पुन्हा ढकला. पण दहा-बारा वर्षांच्या मुलांना 'याला येतं' आणि 'याला यायचं नाही' अशा दोन रांगांत उभं करण्याचं काम बऱ्याच ठिकाणी हा टप्पाच करतो, आणि ते काम तो फार घाईनं करतो. म्हणून शरीर टप्पा शिकतं तेव्हा आत नेमकं काय घडतं, ते एकदा नीट बघू.

गंमत म्हणजे मूळ खेळात टप्पा नव्हताच. डिसेंबर १८९१मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं हिवाळ्यात घरात खेळता यावा म्हणून हा खेळ तयार केला. नियम १३. त्यातला एक असा, की चेंडू हातात घेऊन पळायचं नाही. जिथे पकडला तिथूनच फेकायचा. चारही बाजूंनी घेरला गेलेला खेळाडू काय करणार? त्यानं चेंडू जमिनीवर टाकला आणि दोन पावलं पुढे जाऊन स्वतःच पकडला. 'हातात घेऊन' पळालो नाही, म्हणजे नियम मोडला नाही! आमच्या धंद्यात याला वर्कअराउंड म्हणतात. सॉफ्टवेअरमध्येही बरेचदा असंच होतं, पळवाट म्हणून केलेली गोष्ट पुढे मुख्य फीचर होऊन बसते. त्या काळी चेंडूंना बाहेरून फुटबॉलसारखी लेस असायची. टप्पा लेसवर पडला की चेंडू कुठे उडेल याचा नेम नसे. गोल, बिनलेसचे चेंडू आले आणि मग टप्प्याची कला खरी फुलली.

आता थोडं गणित. थोडंच आहे, घाबरू नका.

हवा नीट भरलेला बास्केटबॉल १८० सेंमी उंचीवरून नुसता सोडला, तर तो मीटरभर किंवा किंचित जास्त उसळतो. म्हणजे प्रत्येक टप्प्याला चेंडू आपली बरीचशी ताकद जमिनीला देऊन टाकतो. जी गेली ती हातानं परत भरायची. टप्पा म्हणजे एवढाच हिशेब. कंबरेच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण ९० सेंमीवर हात असेल आणि चेंडू जेमतेम हातापर्यंत परत येईल इतकाच ढकलला, तर हात सोडून जमिनीवर आपटून परत हाताला लागेपर्यंत त्याला सुमारे ०.६ सेकंद लागतात. गुडघ्याच्या आसपास, ४० सेंमीवर खेळलात तर सुमारे ०.४ सेकंद. जोरात ढकललात तर त्याहूनही कमी.

आता दुसरा आकडा. डोळ्यांना काही दिसलं आणि त्यावर हात हलायला लागला, यात साध्यातल्या साध्या बाबतीतसुद्धा सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. म्हणजे ०.४ सेकंदांच्या खालच्या टप्प्यात अर्धा वेळ 'बघितलं आणि ठरवलं' यातच संपला. त्यात ढकलताना दिशा ५ अंशांनी जरी चुकली, तरी कंबरेपासून जाऊन परत येईपर्यंत चेंडू अंदाजे १५ सेंमी बाजूला सरकलेला असतो. चेंडू कुठे आलाय ते बघून मग हात न्यायचा, असं म्हटलं तर हात कायम उशिरा पोहोचणार. नवशिक्याचं नेमकं तेच होतं. तो आळशी नसतो की मंद नसतो. तो प्रामाणिकपणे बघून-बघून खेळत असतो, आणि या खेळात बघून खेळायला वेळच नाही. तयार खेळाडूचा हात चेंडूच्या आधी तिथे गेलेला असतो, कारण चेंडू सुटतानाच बोटांना कळलेलं असतं तो कुठे येणार ते.

बोटांना कळण्याचा हा भाग फार महत्त्वाचा. नवशिका चेंडूला चापट मारतो. तळहात सपाट, एक थाड, हात आणि चेंडूचा संबंध संपला. येणारा माणूस चेंडूला भेटायला थोडा वर जातो, वर येणाऱ्या चेंडूबरोबर हात वर घेतो, त्याचा वेग मुरवतो आणि मग तीच हालचाल उलटी फिरवून त्याला खाली धाडतो. बोटं पसरलेली, चेंडू बोटांच्या पेरांवर, तळहाताच्या मध्यभागी पोकळी. यामुळे चेंडू हाताला चिकटून राहण्याचा वेळ वाढतो. जेवढा वेळ जास्त, तेवढी दिशा सुधारायची संधी जास्त, आणि तेवढीच बातमीही जास्त: चेंडू किती वेगानं आला, कुठल्या अंगानं आला, किती फिरतोय. हा लोभ फार केला तर मात्र पंच शिट्टी वाजवतो. चेंडू हातावर विसावता कामा नये. चांगला खेळाडू या नियमाच्या काठावर राहतो.

आता हे सगळं करणाऱ्या यंत्राकडे, म्हणजे हाताकडे बघा. खांदा तीन दिशांनी फिरतो, कोपर एका, कोपराखालचा हात स्वतःभोवती फिरतो ती एक, मनगट दोन. बोटं सोडून झाल्या सात. कारखान्यात गाड्यांना वेल्डिंग करणाऱ्या रोबोच्या हाताला साधारणपणे सहा सांधे असतात, कारण एखादी वस्तू हव्या त्या जागी, हव्या त्या कोनात न्यायला सहा पुरतात. आपल्याकडे एक शिल्लक आहे! ही चैन वाटते, पण चालवणाऱ्याला ती डोकेदुखी आहे. हात एकाच जागी नेण्याचे असंख्य मार्ग आहेत. त्यातला कुठला निवडायचा? शिवाय कंबर, गुडघे, घोटे आहेतच.

हा प्रश्न नीट शब्दांत मांडला तो निकोलाय बर्नश्टाइन या रशियन शरीरशास्त्रज्ञानं. १९२०च्या दशकात मॉस्कोमध्ये कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत तो होता. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या अंगावर त्यानं छोटे दिवे लावले आणि हालचाल फिल्मवर टिपली. अपेक्षा काय असणार? मुरलेला कामगार म्हणजे यंत्र, प्रत्येक घाव हुबेहूब सारखा. निघालं वेगळंच. हातोड्याचं टोक दर वेळी बरोबर जागेवर पडत होतं, पण खांदा, कोपर, मनगट दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेनं जात होते. खांदा जरा जास्त गेला तर कोपर ते भरून काढत होतं. म्हणजे कौशल्य एका ठरीव हालचालीत नसून, चूक एकमेकांत वाटून घेणाऱ्या सांध्यांच्या समजुतीत होतं. एकत्र कुटुंबासारखं म्हणा ना. एकाचा महिना ओढाताणीत गेला तर दुसरा गुपचूप किराणा भरतो, बाहेरच्याला पत्ता नसतो.

सराव म्हणजे एकच उत्तर घोटणं नसून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवणं आहे, असं बर्नश्टाइनचं म्हणणं होतं. चपळाईवर त्यानं सामान्य वाचकांसाठी एक सुरेख पुस्तक १९४०च्या दशकात लिहिलं होतं. पुढे सरकारची मर्जी फिरली आणि ते छापून यायला १९९१ साल उजाडलं. तोवर त्याला जाऊन २५ वर्षं झाली होती.

त्यानं सांगितलेली दुसरी गोष्ट आपल्या मुलांच्या दृष्टीनं जास्त कामाची आहे. नवी हालचाल शिकताना शरीर बरेचसे सांधे चक्क गोठवून टाकतं. सात-सात गोष्टी एकदम सांभाळता येत नाहीत, म्हणून पाच बांधून ठेवायच्या आणि दोनच चालवायच्या. पहिल्यांदा सायकल चालवणारं पोर आठवा: कोपरं ताठ, खांदे कानाला लागलेले, हँडल असं धरलेलं की सोडवायला पक्कड लागेल. हळूहळू भरवसा वाटायला लागला की एकेक सांधा सुटतो. आणि शेवटच्या टप्प्यावर शरीर फुकटात मिळणारी ताकदही वापरायला शिकतं: चेंडूची उसळी, हाताचं स्वतःचं वजन, पावलाचा झोका. १९९२मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी स्कीइंगचा भास देणाऱ्या यंत्रावर नवख्या लोकांना उभं करून हे मोजलं. सुरुवातीला घोटे, गुडघे, कंबर कमी हलत होते आणि एकमेकांना जखडून हलत होते. सराव वाढला तसे ते मोकळे झाले. प्रत्येक कामात अगदी याच क्रमानं होतं असं नाही, हेही पुढच्या अभ्यासांत दिसलं. पण टप्प्यात तरी हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

मला ते दिसलं माझ्या भाचीमुळे. ती अकरा वर्षांची. उन्हाळ्याच्या शिबिरात महिनाभर गेली आणि शेवटी तिथल्या सरांनी ताईला सांगितलं, "मॅडम, इसका हाथ नहीं बैठेगा. बॅडमिंटन में डाल दीजिए." सर वाईट नव्हते. साठ मुलं, चार चेंडू आणि ते एकटे. पण त्या रात्री पोरगी जेवली नाही, आणि मला फोनवर विचारलं, "मामा, हात बसत नाही म्हणजे काय रे?"

प्रश्न रास्त होता. मी तिचे टप्पे मोबाईलवर स्लो मोशनमध्ये घेतले. त्याच कोर्टावर खेळणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीला विचारून तिचेही घेतले. दोन्ही शेजारी लावून चालवले तेव्हा 'हात न बसणं' म्हणजे काय ते स्वच्छ दिसलं. भाचीचं मनगट आणि कोपर जणू प्लॅस्टरमध्ये होतं. सगळा हात खांद्यातून एका काठीसारखा खालीवर जात होता आणि चेंडूला हात लागलेल्या फ्रेम मोजक्याच होत्या. मोठ्या मुलीच्या हातात एक लाट होती: खांदा थोडा, मग कोपर, मग मनगट, शेवटी बोटं. चेंडू कितीतरी जास्त वेळ तिच्या बोटांखाली होता. भाचीचं जे चाललं होतं ते बर्नश्टाइनच्या पुस्तकातलं पहिलं पान होतं. पहिल्या पानावर असलेल्या माणसाला 'तुला शेवटचं प्रकरण येत नाही' म्हणून पुस्तक मिटायला सांगणं बरोबर नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तिच्या हातातला चेंडू ७ नंबरचा होता. त्याकडे येतोच.

मनगट मोकळं सोड, कोपर वाकव, बोटं पसर, मान वर कर. अशा सूचना एका दमात ऐकून कुणाचा टप्पा सुधारलेला मी तरी बघितलेला नाही. याचं कारणही शोधलं गेलं आहे. २००२मध्ये सायन बायलॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी फुटबॉल खेळणाऱ्यांना शंकूंमधून चेंडू नेण्याचं काम दिलं. एकदा सांगितलं, पायाच्या कुठल्या बाजूचा स्पर्श होतोय तिकडे लक्ष ठेवा. दुसऱ्यांदा पायाचं विसरून कानावर पडणारे शब्द ऐकायला लावले. मुरलेले खेळाडू पायाकडे लक्ष दिल्यावर बिघडले आणि शब्द ऐकताना मजेत खेळले. नवख्यांचं उलटं झालं. सगळ्यात छान भाग पुढचा: मुरलेल्यांना त्यांच्या कमजोर पायानं खेळायला लावलं, की तेही नवख्यांसारखे वागले. म्हणजे 'कौशल्य' माणसात असतं असं सरसकट म्हणताच येत नाही. उजव्या हाताचा उस्ताद डाव्या हातानं पहिलीत असू शकतो. मोठ्यांनी डाव्या हातानं दहा टप्पे मारून बघावेत, म्हणजे मुलांवर ओरडण्याचा आवाज आपोआप खाली येतो.

लक्षाचा मुद्दा निघालाच आहे तर त्या प्रसिद्ध गोरिलाबद्दलही सांगतो, कारण तिथेही बास्केटबॉलच होता. १९९९चा सायमन्स आणि शाब्रिस यांचा प्रयोग. व्हिडिओमध्ये पांढरे आणि काळे शर्ट घातलेले दोन गट आपापसांत चेंडू पास करतात. बघणाऱ्यानं एका गटाचे पास मोजायचे. मधूनच गोरिलाच्या वेशातली एक बाई चालत येते आणि निघून जाते. साधारण निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. स्वतःच्या चेंडूकडे बघून टप्पे मारणाऱ्या मुलाचं सामन्यात हेच होतं. मोकळा उभा असलेला साथीदार त्याच्यासाठी गोरिला असतो, आणि बाहेरून आपण ओरडतो, "अरे दिसत नाही का!" खरंच दिसत नसतं त्याला. त्याचं सगळं लक्ष टप्प्यात खर्च झालेलं असतं. टप्पा बोटांच्या ताब्यात गेला की मगच डोळे मोकळे होतात.

घरी आम्ही एक खेळ सुरू केला. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये टप्पे मारत चालायचं आणि शेजारच्या गाड्यांचे नंबर मोठ्यानं वाचायचे. एमपी ०९ अमुक, एमपी ०९ तमुक. पहिल्या आठवड्यात एक नंबर पुरा होईपर्यंत चेंडू कुणाच्या तरी स्कूटरखाली. पण आपण तिला हाताबद्दल एक शब्दही सांगत नसताना मनगट सुटायला लागलं, कारण ताठ मनगटानं न बघता टप्पा मारताच येत नाही. काम असं लावायचं की शरीरानं उत्तर स्वतः शोधावं. कार्ल नेवेल नावाच्या संशोधकानं १९८६मध्ये हे एका चौकटीत मांडलं: हालचाल कशी होईल ते माणसाचं शरीर, आजूबाजूचं वातावरण आणि दिलेलं काम या तिघांच्या ओढाताणीतून ठरतं. शरीर तर आपण बदलू शकत नाही. काम आणि चेंडू बदलू शकतो.

चेंडू उसळत ठेवण्याबद्दलचा एक शोध इंजिनिअर म्हणून मला फार आवडतो, म्हणून विषय जरा बाजूला जात असला तरी सांगतोच. रॅकेटवर चेंडू एकसारखा वर उडवत ठेवायचा. बिट्टूपासून आजोबांपर्यंत सगळ्यांनी केलेला उद्योग. डॅग्मार स्टर्नाड आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात त्याचं गणित मांडलं. त्यात असं दिसलं, की रॅकेट वर जाताना तिचा वेग कमी व्हायला लागलेला असताना चेंडूला भेटली, तर छोट्या चुका आपोआप विरून जातात. चेंडू जरा जास्त उंच उडाला तर तो उशिरा येतो, तोवर रॅकेट आणखी मंदावलेली असते, फटका हलका बसतो, पुढची उडी आपसूक बेताची. कुणी काही दुरुस्त करायची गरजच नाही! आणि लोक सरावानं, कुणी न सांगता, याच जागी येऊन पोहोचतात. सर्व्हर पडला की आपोआप उठेल अशी व्यवस्था लिहायला आम्हाला महिने लागतात. इथे आठ वर्षांचं पोर रॅकेट घेऊन गच्चीवर ती दोन दिवसांत लिहितं. बास्केटबॉलच्या टप्प्यात हात चेंडूला जास्त वेळ धरून राहतो, त्यामुळे हे गणित जसंच्या तसं लागू होत नाही. पण चांगला सराव म्हणजे चुका सावरण्याचा वेग वाढवणंच नव्हे, चुका आपोआप विरतील अशी जागा शोधणं, ही कल्पना तिथेही चालते.

शिबिराचा शेवटचा दिवस हे मुलांना जोखण्याचं सगळ्यात चुकीचं ठिकाण आहे, असं माझं मत आहे, आणि त्याला आधार आहे. १९७९मध्ये शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या क्रमांच्या हालचाली लोकांना शिकवल्या. एका गटाला आधी एक पूर्ण घोटून, मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या गटाला तिन्ही मिसळून, कधी कुठली येईल ते ठाऊक नाही. सराव चालू असताना पहिला गट भराभर पुढे गेला. दहा दिवसांनी परीक्षा घेतली, तर मिसळून शिकलेले वरचढ ठरले. आपल्याकडची शिबिरं बहुतेक पहिल्या पद्धतीनं चालतात: पन्नास उजव्या हातानं, पन्नास डाव्या, पन्नास पायांमधून. शेवटच्या दिवशी पालकांसमोर ते छान दिसतं, व्हिडिओ चांगला येतो, पुढच्या वर्षीच्या फीची खात्री होते. सामन्यात मात्र कुणी पन्नास वेळा एकच गोष्ट करू देत नाही. मिसळून शिकणारं मूल त्या दिवशी धडपडताना दिसतं आणि नेमकं त्यालाच घरी पाठवलं जातं.

जन्माच्या महिन्याचा घोळ तर आणखी वेगळा. वयोगटाची सीमा १ जानेवारी असेल तर जानेवारीत जन्मलेलं मूल डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठं, आणि दहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे पुष्कळ झालं. कॅनडात बर्फावरच्या हॉकीत निवडले गेलेले खेळाडू वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेले फार जास्त असतात, हे रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५मध्येच दाखवून दिलं होतं. 'टॅलेंट' म्हणून आपण जे उचलतो त्यातला काही भाग नुसता वाढदिवस असतो. त्यात कुणाची उंची अचानक वाढायला लागते, हातपाय लांब होतात आणि कालपर्यंत जमणारा टप्पा आज गडबडतो. तोही काळ जातो.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायला हवी. टप्प्याबरोबरच शर्टाची बटणं, बुटाच्या नाड्या, अक्षर, जिना उतरणं यांतही मूल वयाच्या मानानं बरंच मागे असेल, तर तो आळस किंवा धांदरटपणा समजू नका. हालचालींच्या समन्वयाची एक वेगळी अडचण असते, शाळकरी मुलांत ती सुमारे ५ ते ६ टक्क्यांत आढळते, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या मदतीनं बराच फरक पडतो. अशा मुलाला कोर्टावर ओरडा खाऊ घालण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञांशी एकदा बोलावं.

आता चेंडू. पुरुषांचा ७ नंबरचा चेंडू सुमारे ६०० ग्रॅमचा. महिला ६ नंबरच्या चेंडूनं खेळतात, तो थोडा लहान आणि पन्नासेक ग्रॅमनं हलका. अमेरिकन कॉलेजांत मुलींसाठी तो १९८४च्या हंगामात आला. पुण्याच्या शिरीन लिमयेनं भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलं तेही याच नंबरच्या चेंडूनं. १२ वर्षांखालच्यांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये ५ नंबर वापरतात आणि रिंगही ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटरवर लावतात. तरीही कितीतरी कोर्टांवर लहान मुलामुलींच्या हातात सर्रास ७ नंबर असतो, कारण शाळेनं तोच घेतलेला असतो. 'मोठ्या चेंडूनं शिकला की लहान सोपा जातो' हे मी कित्येकांकडून ऐकलं आहे. चिमुकल्या हाताची बोटं त्या चेंडूवर नीट पसरत नाहीत, मनगटात तेवढा जोर नसतो, मग उरतो तो खांदा आणि चापट. जी सवय घालवायची तीच आपण पैसे भरून लावतो. भाचीला ५ नंबरचा आणून दिला त्या दिवशी पहिल्या तासातच तिची चापट अर्धी झाली. सहा महिन्यांनंतर ती काही संघात वगैरे नाही. डावा हात अजून काठीसारखाच आहे. पण ती कोर्टावर जाते, आणि उजव्या हाताचा टप्पा बाल्कनीतून ऐकला तर कुणाचा आहे ते सांगावं लागत नाही.

घरात चेंडू असेल तर आज एवढं करा. मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून, साधारण १८० सेंमीवरून, तो फरशीवर नुसता सोडा. ढकलू नका. मीटरभर उसळला तर ठीक. गुडघ्यापर्यंतच आला तर हवा कमी आहे, आणि असल्या चेंडूवर टप्पा न जमणं हा कुणाचाच दोष नाही. सायकलच्या दुकानात पंप मिळतो, फक्त चेंडूची सुई वेगळी लागते. ती घालण्याआधी जरा ओली करून घ्या, नाहीतर आतला व्हॉल्व्ह फाटतो आणि नवा चेंडूच आणावा लागतो.